‘लांब सोडून येऊ’: मांजरांच्या ठरावाबद्दल माझ्या सोसायटीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
आमची सोसायटी, पूर्व भाग, सोलापूर.

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या सभेत शेवटचा विषय मांजरांचा होता. सगळ्यांना घरी जायची घाई होती. दहा मिनिटांत ठराव झाला: माणूस लावून आवारातली मांजरं पकडायची, पोत्यात घालायची आणि हिप्परगा तलावाकडे नाहीतर नान्नजच्या माळावर सोडून यायची. फ्लॅटमागे दोनशे रुपये वर्गणी. मी हात वर केला नाही, पण उठून बोललेही नाही. समोर सगळे रोजच्या उठण्याबसण्यातले, तोंडातून शब्द फुटला नाही. तेव्हापासून शिलाईला बसले की तेच डोक्यात फिरतंय. म्हणून हे लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे, कारण असा ठराव करणारी आपली सोसायटी एकटी नाही. जुळे सोलापूरला राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या सोसायटीतही गेल्या वर्षी हेच ठरलं होतं.

आधी एक कबूल करते. तक्रारी खोट्या नाहीत. रात्री दोनला बोक्यांची भांडणं जुंपली की बी विंगमधल्या आजारी आजोबांची झोप मोडते. गाड्यांच्या सीटवर ओरखडे आहेत. जिन्याखाली बोक्याच्या मुताचा उग्र वास आहे, तो धुऊनही जात नाही. आणि दुसरीतल्या मुलाच्या अंगठ्याला मांजर चावलं, त्याची आई सभेत रडली. मला मांजरांचा लळा आहे म्हणून तिचं रडणं मला कमी मोलाचं वाटत नाही. आवारातली मांजरं कमी व्हावीत हे तुमच्याइतकंच मलाही हवं आहे. माझा विरोध फक्त त्या ‘सोडून येऊ’ला आहे.

कारण हे आपण एकदा करून बसलो आहोत. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आठ मांजरं नेली होती. मी गॅलरीतून बघत होते. सुताच्या रिकाम्या गोणीत एकेक कोंबत होते आणि गोणी आतून हलत होती. नेलेल्यांत एक काळी-पांढरी मादी होती. तिचं पोट खाली लोंबत होतं, आचळं भरलेली होती, म्हणजे ती दुधावर होती. हे पकडणाऱ्याच्या लक्षात आलं नाही आणि माझ्या आलं तेव्हा टेम्पो निघून गेला होता. तिची पिल्लं मीटर रूममागच्या फुटक्या कुलरच्या पेटीत होती. पहिल्या रात्री त्यांचा आवाज मोठा होता. दुसऱ्या रात्री तो इतका बारीक झाला की पंखा बंद केल्यावरच ऐकू यायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी मला पेटी सापडली. आत चार होती. दोन गार पडली होती, एक दुपारी गेलं.

चौथ्याला घरी आणलं. मला यातलं काही माहीत नव्हतं, गाईचं दूध वाटीत घेऊन बसले होते. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आधी ऊब द्या, गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध गेलं तर ते पचत नाही. मग बाटलीत गरम पाणी भरलं, ती फडक्यात गुंडाळली आणि पिल्लू तिला टेकवून ठेवलं. त्यानंतर पिल्लांसाठी मिळते ती दुधाची पावडर, दर तीन तासांनी, ड्रॉपरने, पिल्लाला पालथं धरून. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. प्रत्येक वेळी ओल्या कापसाने मागची बाजू हलकेच पुसायची, कारण एवढ्या लहान पिल्लाला आईने चाटल्याशिवाय शी-शू होत नाही. लूमच्या रिकाम्या कांड्यांच्या टोपलीत ते झोपायचं, म्हणून तिचं नाव कांडी पडलं. ती आज माझ्या मशीनच्या टेबलावर बसते, तुम्ही सगळ्यांनी तिला पाहिलेलं आहे. तिच्या तीन भावंडांचं मात्र त्या ठरावाच्या वहीत कुठेच काही लिहिलेलं नाही.

आणि एवढं करून मिळालं काय? एप्रिल-मे शांत गेले. पावसाळा लागला तसा गाल फाटलेला एक बोका मटणाच्या दुकानांकडून इकडे यायला लागला. त्याच्यामागे दोन तरुण माद्या आल्या आणि दिवाळीला भिंतीपलीकडच्या बंद कारखान्यात पिल्लं दिसली. आज मोठी मांजरं अकरा आहेत. आठ नेली, अकरा झाली.

हे नशिबाने झालेलं नाही. मांजर जिथे राहतं तिथे त्याच्या राहण्याला कारण असतं. आपल्याकडे ती कारणं ठळक आहेत. कारखाना बंद पडला तरी आत चिंध्यांचे ढीग आहेत, खळ लावलेलं जुनं सूत आहे, ते कुरतडायला उंदीर-घुशी आहेत, शटरखालून आत जायला वीतभर फट आहे. इकडे आपल्या कचऱ्याच्या बादल्या रात्रभर उघड्या असतात, त्यात बुधवारी-रविवारी मटण-मासळीचं उरलंसुरलं असतं. ही सोय जागेवर ठेवून नुसती मांजरं उचलली की जागा रिकामी होते आणि शेजारच्या गल्लीतली मांजरं ती भरून काढतात. जी मागे राहतात त्यांच्या पिल्लांना जास्त खायला मिळतं, त्यातली जास्त जगतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या जंगलात संशोधकांनी हे मोजून पाहिलं. थोडी थोडी रानटी मांजरं पकडून काढत राहिल्यावर त्या जागी मांजरं घटली नाहीत, उलट जास्त दिसू लागली. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आपल्या आवारात तेच झालं आहे, फक्त आपण मोजलं नाही.

आता ‘सोडणं’ या शब्दाबद्दल. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, असं माझी आजी सांगायची. तुमच्यापैकी अनेकांनी हे ऐकलं असेल. म्हणूनच सभेत कुणाच्याही तोंडून ‘मारा’ निघालं नाही, सगळे ‘सोडा’ म्हणाले. तुमच्या मनात क्रौर्य नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण मांजराला आपला परिसर पायाखालचा असतो. कुठल्या नळाखाली पाणी गळतं, कुठला कुत्रा कधी फिरतो, कुठल्या भिंतीवर एका उडीत चढता येतं, एवढ्यावर ते जगतं. अनोळखी माळावर गोणीचं तोंड उघडलं की यातलं काहीच त्याच्याजवळ उरत नाही. त्या जागेवर आधीच कुत्री असतात, तिथली मांजरं असतात, बाजूला हायवे असतो. आणि सोलापूरचा उन्हाळा कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. आपण ‘सोडून’ येतो आणि पुढे काय होतं ते बघायला थांबत नाही.

नान्नजचं नाव ऐकून तर मला फार वाईट वाटलं. तिथे माळढोकाचं अभयारण्य आहे, १९७९ सालापासून. माळढोक आता दिसणं दुर्मिळ झालंय. पण तित्तर, चंडोल, धाविक, टिटवी हे सगळे तिथे जमिनीवरच घरटं करतात, उघड्यावर, चार खड्यांच्या आडोशाला. शहरातलं उपाशी मांजर तिथे गेलं तर पहिलं काय शोधेल? शिवाय त्या बाजूच्या उसात आणि गवतात खरं रानमांजर राहतं. तो वेगळाच प्राणी आहे, लांब पायांचा, आखूड शेपटीचा, वन्यजीव कायद्याने संरक्षित. आपल्या कारखान्यातलं बुजरं मांजर म्हणजे ‘रानमांजर’ नव्हे. सभेत दोघातिघांनी तसं म्हटलं म्हणून मुद्दाम लिहिते. आपल्याकडची मांजरं घरच्या मांजराच्याच जातीची आहेत, त्यांचे साथीचे आजार त्या रानमांजरांना लागू शकतात. त्यांची जागा गावात, माणसांच्या आसपासच आहे.

मग ती अशी बुजरी का? पिल्लू दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान माणसाच्या हाताशी आलं तर ते माणसाळतं. तो काळ कारखान्यातल्या चिंध्यांत गेला की माणूस त्याला कायमचा परका. असं मोठं मांजर ‘पकडून पाळा’ म्हटलं तरी पाळलं जात नाही, घरात कोंडलं तर कपाटामागे बसून उपाशी राहील. अकरांतली सात अशी आहेत. चार मात्र पायात घोटाळतात, शेपूट वर करून येतात. ती कुणीतरी पाळून टाकून दिलेली आहेत. आपल्या तीन विंगांत त्यांना कुणी मांजर म्हणतं, कुणी पिल्ली, कुणी बेक्कू, कुणी बिल्ली, आणि ती चारही हाकांना येतात. या चौघांना घर मिळू शकतं. सातांना मिळणार नाही, त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे.

तो रस्ता म्हणजे पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. गेल्या दीड वर्षात दुसऱ्या मजल्यावरच्या आक्का आणि मी मिळून सहा मांजरांचं केलं, चार माद्या आणि दोन बोके. कुणाला सांगितलं नाही, ही आमची चूक झाली. सांगितलं असतं तर कदाचित रविवारी हा ठराव आलाच नसता.

करड्या मादीचं सांगते, कारण ती सगळ्यांत हुशार होती. एका फॅब्रिकेटरकडून आम्ही दोन पिंजरे बनवून घेतले आहेत, आत पट्टीवर पाय पडला की दार पडतं. तीन दिवस दार तारेने बांधून उघडंच ठेवलं आणि रोज संध्याकाळी त्यातच खायला दिलं. पहिल्या दिवशी तिने पिंजऱ्याभोवती चार फेऱ्या मारल्या आणि निघून गेली. तिसऱ्या दिवशी आत जाऊन खाल्लं. चौथ्या दिवशी तार काढली, पट्टीपलीकडे भाजलेला बोंबील ठेवला आणि आम्ही दोघी वॉचमनच्या खोलीत दिवा बंद करून बसलो. साडेनऊला दार पडलं. ती जाळीवर अशी आदळत होती की तिचं नाक फुटेल असं वाटलं. आक्कांनी हातातली सोलापुरी चादर पिंजऱ्यावर टाकली, चारी बाजूंनी खाली ओढली. मी मनात दहा मोजले असतील. आतला आवाज बंद झाला. अंधार झाला की मांजर गप्प बसतं, हे आम्हाला सांगितलेलं होतं, पण खरं वाटलं नव्हतं. रात्रभर पिंजरा माझ्या मोरीत होता, चादरीसकट, काही खायला न देता, कारण भूल द्यायची होती.

सकाळी ऑपरेशन झालं. गर्भाशय आणि अंडाशय काढलं, विरघळणारे टाके घातले, त्याच भुलीत रेबीजची लस दिली आणि डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत थोडंसं कापलं. ते टोक बघून लांबूनच कळतं की या मांजराचं झालेलं आहे, तिला पुन्हा पकडून त्रास द्यायची गरज नाही. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्याचं तोंड कारखान्याच्या भिंतीकडे करून दार उघडलं. शटरखाली ती कधी गेली ते दिसलंही नाही. त्याच संध्याकाळी वेळेवर जेवायला आली.

या सहांमुळे काय फरक पडला ते तुम्हीच आठवा. गेल्या पावसाळ्यात कारखान्यात पिल्लं झाली ती एकाच मादीची, आणि तिची नसबंदी झालेली नाही. गाल फाटलेला तो बोका आता भांडत नाही. त्याचा वास उतरला. रात्री अजून जे बोके भांडतात ते उरलेले दोन आहेत.

तर उरले पाच, तीन माद्या आणि दोन बोके. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. दोन महिन्यांत व्याते, पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. तीन माद्या, वर्षातून दोन वेळा, दर वेळी चार, म्हणजे चोवीस पिल्लं. त्यातली निम्म्याहून जास्त सहा महिन्यांची व्हायच्या आतच मरतात, जिन्याखाली, गाडीखाली, आपल्या डोळ्यांदेखत, आणि जगतात ती पुन्हा व्यातात. मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर असतो. आपल्याकडे तो जवळजवळ वर्षभर चालतो, पण संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढू लागला की जोर धरतो. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठते तेव्हा मांजरी गाभण राहतात आणि मार्चमध्ये व्यातात. आपण मागच्या वेळी मांजरं उचलली ती नेमकी मार्चमध्ये. कुलरच्या पेटीतली ती चार पिल्लं तेव्हाच का होती, याचं उत्तर हे आहे.

मी असं म्हणणार नाही की नसबंदी केली की सगळं मिटतं. संख्या खाली यायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तीही दहातल्या सात-आठ मांजरांची झाली तरच. आपण अकरात सहावर अडकलो आहोत. रोम शहरात १९९१ ते २००० या दहा वर्षांत १०३ ठिकाणच्या मांजरांवर हे करून पाहिलं. जिथे नसबंदीला तीन ते सहा वर्षं झाली होती तिथे संख्या १६ ते ३२ टक्क्यांनी घटली, पण लोकांनी नव्याने आणून टाकलेली आणि बाहेरून आलेली मांजरं २१ टक्क्यांच्या घरात भरली. म्हणजे जो घरचं मांजर कंटाळा आला म्हणून कारखान्याच्या भिंतीवरून आत टाकतो, तो सगळ्यांच्या कष्टांवर पाणी फिरवतो. आपल्यातही असं कुणी केलेलं आहे. नाव घेत नाही. त्या चार माणसाळलेल्या मांजरांकडे बघितलं तरी पुरे.

नसबंदीनंतरही मांजर शी करणारच. त्यासाठी कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात चार बाय चारचा बारीक वाळूचा चौकोन करू. मऊ वाळू मिळाली की मांजर कुंडीकडे जात नाही. कुंड्यांत वरून मोठे खडे किंवा जाळी टाकायची. वाळू रोज काढायची. सी विंगमधल्या वहिनींना दिवस आहेत आणि कुणीतरी त्यांना मांजराच्या आजाराची, टॉक्सोप्लाझ्मोसिसची, भीती घातली आहे, म्हणून सांगते: मांजराच्या विष्ठेतून तो आजार पसरू शकतो हे खरं आहे, पण विष्ठा पडल्यापासून तो लागण्याजोगा व्हायला एक दिवस तरी जातो. रोज साफ केलं तर धोका बराच टळतो. ते काम वहिनींनी करायचं नाही, मी करीन. कच्चं राहिलेलं मटण आणि न धुतलेली भाजी याही वाटा आहेत, त्या डॉक्टर त्यांना सांगतीलच. बादल्या रात्री बाहेर ठेवायच्या नाहीत, सकाळी घंटागाडीच्या वेळी काढायच्या. एवढं केलं तर उंदरांचाही अर्धा प्रश्न सुटेल.

खायला घालणाऱ्यांशीही मला बोलायचं आहे, त्यात मीही आले. तीन-चार ठिकाणी, कधीही, जिन्यात दूध-भाकरी कुस्करून ठेवणं बंद करूया. मांजर मांसाहारी प्राणी आहे, भाकरीवर त्याचं शरीर चालत नाही आणि मोठ्या मांजराला दूध बऱ्याचदा पचत नाही. उरलेल्यावर रात्री घुशी येतात, कुत्री येतात. एकच जागा, कारखान्याच्या भिंतीकडेची. एकच वेळ, संध्याकाळी साडेसहा. अर्ध्या तासात भांडी उचलायची. पाणी मात्र बाराही महिने. ठरल्या वेळी खाणारं मांजर मोजता येतं, आजारी पडलं तर कळतं, पिंजऱ्यात येतं. आणि जो खायला घालतो त्याने नसबंदीचा भार उचललाच पाहिजे. नुसतं खाऊ घालून आपण पिल्लं वाढवतो, आणि ती मरताना बघायला दुसऱ्याला लावतो.

आता त्या मुलाचं. स्कूटरखाली बसलेलं पिल्लू त्याने शेपटीला धरून ओढलं. बुजरं मांजर स्वतःहून माणसावर येत नाही. ते आधी कान मागे पाडतं, अंग जमिनीला टेकवतं, फिस्कारतं. पळायला वाट नसेल तरच चावतं. हे मुलांना शिकवायला दहा मिनिटं लागतील, मी शिकवीन. पण चावल्यानंतर आपण सगळे चुकलो. मी पोचले तेव्हा अंगठ्यावर हळद आणि चुना लावलेला होता. तो धुऊन, साबण लावून, वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं हात धरला. तो रडत होता आणि मी घड्याळ बघत होते. मग सरकारी दवाखान्यात लस. तिथे ती मोफत मिळते. कातडीतल्या इंजेक्शनांपैकी पहिलं त्याच दिवशी, तो दिवस शून्य धरून मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागतं. मांजराचा दात सुईसारखा असतो, वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत जखम खोल असते, ती चिघळते. म्हणून वरून काही लावायचं नाही, बांधायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. यातला एकही डोस चुकवू नका, अठ्ठाविसाव्या दिवसाचाही नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्याला औषध नाही.

आणि विचार करा, चावलेल्या मांजरावर दहा दिवस नजर ठेवावी असं डॉक्टर सांगतात, ते जिवंत आणि धडधाकट राहतं का ते पाहायला. गोणीत घालून नान्नजला सोडलं तर नजर कुणावर ठेवणार? उलट लस टोचलेली, कान कापलेली मांजरं आवारात असतील तर मुलांना धोका कमी. रिकाम्या जागी येणारं नवं मांजर कुठून आलं, त्याला लस आहे का, हे कुणालाच ठाऊक नसतं.

सभेत मागून कुणीतरी उंदराच्या औषधाचं नाव काढलं. ते माझ्या कानावर आलं आणि झोप उडाली. कृपा करून नाही. ते पार्किंगमध्ये पडेल, तिथे आपलीच लेकरं खेळतात. फिनेल ओतून ठेवणं, डांबराच्या गोळ्या पसरणं हेही तसंच. मांजराच्या यकृताला फिनेलसारखी औषधं पचवता येत नाहीत, पंजे चाटूनही ते मरू शकतं.

कायद्याचं मुद्दाम मागे ठेवलं, कारण धाक घालायला मी पत्र लिहिलेलं नाही. पण सही करणाऱ्यांना माहीत असावं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणं हे त्याच्या कलम ११ प्रमाणे क्रूरतेत मोडतं. विष घालून मारणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत ‘सामुदायिक प्राणी’ ही व्याख्या आहे, आणि अशा प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था लावणं ही रहिवासी संघटनेची जबाबदारी म्हटली आहे. म्हणजे साडेसहाची भिंतीकडची जागा ठरवणं हे कमिटीचंच काम आहे.

याच पत्रातून महापालिकेलाही हात जोडून विनंती आहे. कुत्र्यांच्या नसबंदीची यंत्रणा नियमांनी स्थानिक संस्थांकडे दिलेली आहे. त्याच यंत्रणेत महिन्यातले एक-दोन दिवस मांजरांसाठी राखून ठेवा आणि सोसायट्यांना पिंजरे भाड्याने द्या. मुंबई महापालिकेने मांजरांची नसबंदी हाती घेतली आहे, सोलापूरलाही ते जमेल. शहरात आक्कांसारख्या बायका पुष्कळ आहेत, आपल्या भाजीच्या पैशातून हे करणाऱ्या. त्यांना एक ठरलेला वार दिला तरी त्या रांगेत उभ्या राहतील.

आता हिशेब. अठ्ठेचाळीस फ्लॅट, दोनशे रुपये, नऊ हजार सहाशे. मला आजवर पडलेला खर्च मादीमागे दोन हजार आणि बोक्यामागे दीड हजार, लस धरून. तीन माद्या आणि दोन बोके मिळून नऊ हजार होतात. उरलेल्या सहाशेत वाळू येईल. जी वर्गणी गोणी आणि टेम्पोसाठी गोळा करणार आहात तीच इकडे वळवा. माझी मागणी एवढीच आहे की ठराव रद्द करू नका, नुसता तीन महिने थांबवा, आणि पाचांचं काम गड्ड्याच्या आधी उरकू द्या. मार्चमध्ये कारखान्यात, जिन्याखाली, मीटर रूममागे कुठेही नवी पिल्लं निघाली तर पुढच्या सभेत मला जाब विचारा, मी समोर बसेन.

येत्या रविवारपासून पिंजरे कारखान्याच्या भिंतीकडे उघडे ठेवते आहे, दार तारेने बांधून. बुधवारी रात्री नऊला तार काढायची आहे. पिंजरे माझे, चादर आक्कांची, बोंबील मी भाजून आणते. सकाळी सातला दोन पिंजरे दवाखान्यात न्यायला एक गाडी आणि दोन माणसं कमी पडतात. ज्यांना जमेल त्यांनी तळमजल्यावर माझ्याकडे नाव सांगावं. दार उघडंच असतं, मशीनचा आवाज येत असेल तर जरा मोठ्याने हाक मारा.

आपली,
ए विंग, तळमजल्यावरची शेजारीण